‘माहिती व चित्रे’ म्हणजे प्रकल्प नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात ठरलेली गर्दी सुरू होते. मुलाच्या हातात वहीचे फाडलेले पान आणि त्यावर ‘फ्रेंच राज्यक्रांती – माहिती व चित्रे, २० पाने’ एवढेच. दुकानदार मीडियम विचारतो, पाने विचारतो, संगणकातली तयार फाइल छापतो आणि स्पायरल मारून दहा मिनिटांत हातात देतो. ती उघडली तर विकिपीडियाची निळी अधोरेखित अक्षरे आणि चौकोनी कंसातले आकडे तसेच. कुठे वाक्याच्या मध्येच ‘संपादन’ हा शब्द. प्रस्तावना, ऋणनिर्देश, निष्कर्ष मात्र जागच्या जागी. आता तर दुकानापर्यंतही जावे लागत नाही. मोबाइलवरच्या चॅटबॉटला विषय सांगितला की वीस पाने तयार, शिवाय त्याचे शुद्धलेखन आम्हा शिक्षकांपेक्षा बरे.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांनी सांगितले तेवढे केले. खोट गृहपाठाच्या त्या एका ओळीत आहे. ‘माहिती’ मागितली की माहिती येते, आणि फ्रेंच राज्यक्रांतीची माहिती सगळ्या वर्गाला एकच मिळणार, म्हणून साठ फायली एकसारख्या. प्रकल्पाला विषय न देता प्रश्न द्यावा, तोही असा की ज्याचे तयार उत्तर कुठे पडलेले नाही आणि ज्याची साधने मुलाच्या हाताला लागतात. जगाच्या इतिहासाबाबत नेहमी ऐकू येणारी सबब अशी की आमच्या तालुक्यात बॅस्टिलचे, म्हणजे क्रांतीत पडलेल्या पॅरिसच्या तुरुंगाचे, काय सापडणार? खरे आहे, काही सापडणार नाही. मग बॅस्टिल वर्गात शिकवावी आणि प्रकल्पासाठी अशी घटना निवडावी जी आपल्या दारापर्यंत आली होती आणि जाताना कागद मागे ठेवून गेली.

नववी ते बारावीसाठी याचे सगळ्यांत चांगले उदाहरण म्हणजे अमेरिकेतले यादवी युद्ध आणि मुंबईचा कापूस. युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेतून येई. १९ एप्रिल १८६१ ला लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बसल्या. मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पैसा इतका आला की समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट चढले, नव्या बँका आणि वित्तसंस्था पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा जनरल ली शरण गेला, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. राजाबाई टॉवर याच तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतला. मुंबईच्या मुलांना घड्याळ बघत बघत अमेरिकेच्या युद्धाकडे नेता येते.

एवढा भाग पुस्तकात मिळतो, तेव्हा तोच पुन्हा लिहून आणायला सांगू नये. प्रश्न असा द्यावा: ‘१८६१ ते १८६५ या काळात आपल्या जिल्ह्यात कापसाखालची जमीन वाढली का, आणि १८६५ नंतर तिचे काय झाले?’ खानदेश, वऱ्हाड, सोलापूर, नगर, प्रत्येक जिल्ह्याचे उत्तर वेगळे येणार. शेजारच्या शाळेची फाइल उतरवून काही हाती लागणार नाही.

साधन एकच पुरते: त्या जिल्ह्याचे जुने, इंग्रजी अमदानीतले गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाने ते संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहे, आणि जिल्हा ग्रंथालयात छापील प्रतही बहुधा असते. अख्खे गॅझेटियर मुलांच्या अंगावर टाकू नये. ‘शेती’, ‘व्यापार’ आणि ‘सावकारी’ ही तीनच प्रकरणे द्यावीत, तीही प्रत्येकी चार-पाच पानांची झेरॉक्स काढून. इंग्रजी जड आहे, पण वाक्ये सरळ आहेत. एका पानाला दोन मुले आणि शब्दकोश, असे बसवले की नववीचे मूलही अर्ध्या तासात पान संपवते.

इथे पहिली अडचण येते ती नावांची. संगणकावर ‘पुणे’ शोधले तर काही सापडत नाही, ‘पूना’ शोधावे लागते. सुपे हे ‘सूपा’, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) कुठे ‘अहमदनग्गर’. स्कॅनवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात ‘एच’चा ‘बी’ आणि एकचा ‘एल’ झालेला असतो, त्यामुळे आकडा मजकुरातून न घेता पानाच्या चित्रावरून घ्यावा. तक्त्यातल्या एकरांच्या आकड्यातला एक शून्य गळला की एकरी उत्पन्न दहापट होते आणि मुलाला त्यात काही खटकत नाही, कारण तेव्हा एकरी किती पिकत असे याचा त्याला अंदाज नसतो. घरी कोणी शेती करणारे असेल तर आकडा आधी त्यांना विचारून यायला सांगावे. आजोबा लगेच सांगतात की एवढा कापूस कोरडवाहूत होत नसतो.

दुसरी अडचण मापांची, आणि निम्मे प्रकल्प इथेच घसरतात. मुंबईचा भाव खंडीला रुपयांत दिलेला असतो, लिव्हरपूलचा पौंडाला पेन्सांत. त्यातही इंग्रजी ‘पौंड’ वजनाचा की पैशाचा हे मागचे-पुढचे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. कापसाची मुंबई खंडी म्हणजे ७८४ पौंड वजन, आजचे सुमारे ३५६ किलो. त्या काळात रुपया साधारण दोन शिलिंगांचा, म्हणजे २४ पेन्सांचा. तेव्हा खंडीचा भाव समजा १८० रुपये असेल, तर १८० गुणिले २४ भागिले ७८४, म्हणजे पौंडाला साधारण साडेपाच पेन्स. हेच गणित ६०० रुपयांचे केले की सव्वाअठरा पेन्सांच्या पुढे जाते. हे करून न घेता दोन्ही भाव एकाच आलेखावर काढले की ६०० ची रेघ आभाळात आणि १८ ची जमिनीवर, आणि मूल खाली लिहिते: ‘मुंबईत भाव लिव्हरपूलपेक्षा फार जास्त होता.’ धान्याच्या तक्त्यांत तर आणखी गंमत असते. तिथे रुपयाला इतके शेर असा भाव दिलेला असतो, म्हणजे आकडा जितका मोठा तितकी स्वस्ताई. ही उलटी गंगा आधी फळ्यावर समजावून सांगावी, नाहीतर दुष्काळातले वर्ष आलेखात सुबत्तेचे दिसते.

आलेख १८५९ ते १८६८ असा दहाच वर्षांचा काढावा. आडव्या अक्षावर एका वर्षाला २ सेंटिमीटर घेतले की आलेखवहीच्या एका आडव्या पानात बसतो. १८६१ आणि १८६५ या दोन वर्षांवर उभ्या तुटक रेघा मारून त्यांवर अमेरिकेतली घटना लिहायची. रेघ आणि भावातली वळणे जुळतात की थोडी मागे-पुढे होतात, हा खरा अभ्यास. १८६५ च्या सुरुवातीला इराणच्या आखातातून युरोपशी तार जोडली गेली होती. त्याआधी बातमी आगबोटीच्या टपालाने येई, तिला आठवडे लागत. भोर घाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तोवर देशावरचा कापूस घाट उतरताना बैलगाडीवरच असे. वळणे मागे-पुढे का झाली याचे धागे मुलांना अशा ठिकाणी सापडतात.

शेवटच्या आठवड्यात एक ठरलेली साखळी मुलांसमोर ठेवावी. बहुतेक पुस्तके सांगतात: कापसाची तेजी, सावकारांनी सढळ हाताने दिलेले कर्ज, भाव पडणे, कर्ज फिटेनासे होणे आणि मग १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांच्या दुकानांवर आणि कागदपत्रांवर चालून गेलेला जमाव, म्हणजे दख्खनचे दंगे. वाचायला ही साखळी झकास वाटते. आता मुलांना सांगावे, पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भीमथडी तालुक्याचा पिकांचा तक्ता काढा आणि कापूस किती एकर, बाजरी-ज्वारी किती एकर ते पाहा. आकडे समोर आले की साखळीच्या कड्या एकेक करून ओढून बघता येतात: कापूस, सरकारी साऱ्याची फेरआकारणी, १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे (कर्जाच्या दाव्याला तीनच वर्षांची मुदत) दर तीन वर्षांनी व्याजासकट नव्याने लिहून घेतले जाणारे कर्जरोखे. कोणती कडी किती जड यावर दोन गटांचे एकमत झाले नाही तर उत्तम. पुस्तकाशी मतभेद असला तरी चालेल, आकडा दाखवला पाहिजे, ही अट मात्र पहिल्या दिवशीच सांगून ठेवावी.

दुसरा प्रकल्प पहिल्या महायुद्धाचा. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतल्या शाळांनी तरी हिटलर-मुसोलिनींचे चेहरे चिकटवण्याऐवजी हा करावा. अनेक गावांत चावडीच्या, देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली असते: या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. रोज तिच्यासमोरून जाणारी मुले ती कधी वाचत नाहीत, कारण अक्षरांत चुना गेलेला असतो. पाटी खडूने किंवा तेलाने उठवू नये. दगड खराब होतो आणि गावकऱ्यांचा विरोधही ओढवतो. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धूळ काढावी आणि सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी ऊन तिरपे आल्यावर फोटो घ्यावा. पाटी सावलीत असेल तर टॉर्च समोरून न मारता बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून धरावा. झिजलेले अक्षरही सावलीमुळे उठते. युद्ध १९१८ ला संपले असे पुस्तकात असताना पाटीवर १९१९ का, हा मुलांना पडणारा पहिला प्रश्न. ११ नोव्हेंबर १९१८ ला लढाई थांबली, तह २८ जून १९१९ ला झाला.

पाटीवर आकडे असतात, नावे बहुधा नसतात. नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची यादी संकेतस्थळावर फुकट शोधता येते. मुले आडनाव टाकतात, ‘काही सापडले नाही’ असे येते आणि कंटाळून सोडून देतात. नावाने शोधूच नये. कारकुनाने ऐकले तसे लिहिले आहे. पवार कुठे ‘पोवार’ आहे तर कुठे ‘पवर’. आधी रेजिमेंट निवडावी: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी. मग ‘अधिक माहिती’च्या रकान्यात जिल्ह्याचे जुने इंग्रजी नाव टाकावे. कित्येक नोंदींत तिथे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा एका ओळीत असतो. गावाचे स्पेलिंगही वेडेवाकडे असते. ते मोठ्याने वाचले की ओळखू येते. डोळ्यांनी न सापडलेले गाव कानांनी सापडते, म्हणून हे काम दोघांनी करावे, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे.

तीस-चाळीस नोंदी मिळाल्या की पुरे. प्रत्येकीचे चार रकाने करायचे: पलटण, हुद्दा, मृत्यूची तारीख, स्मारकाचे ठिकाण. मग जगाच्या नकाशावर ठिकाणे आणि महिन्यावार मृत्यूंचा स्तंभालेख. बहुतेक नावे फ्रान्समध्ये निघणार असे मुले धरून चालतात, कारण चित्रपटातले पहिले महायुद्ध फ्रान्सच्या चिखलात असते. ठिपके पडतात ते बसऱ्याला आणि बगदादला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी जनरल टाउनशेंडच्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी या डिव्हिजनला घातलेला वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा चालला, शेवटी उपासमारीने शरणागती झाली आणि सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. स्तंभालेखात २९ एप्रिल १९१६ नंतरच्या तारखा दिसल्या की मुलांना विचारावे: लढाई तर संपली होती, मग ही माणसे कशाने गेली? यादीत मृत्यूचे कारण नसते. कारण ठोकून द्यायचे नाही, ‘शक्यता’ म्हणून लिहायचे आणि तसे का वाटते तेही लिहायचे.

एक तपशील ठाऊक नसला तर सगळा निष्कर्ष बिघडतो. कमिशनची पहिल्या महायुद्धाची यादी ४ ऑगस्ट १९१४ पासून ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतच्या मृत्यूंची आहे. म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, १९१९ चे अफगाण युद्ध, १९२० चा इराकमधला उठाव, हे सगळे याच यादीत मोडते. सरसकट ‘जर्मनांशी लढताना मरण पावले’ असे लिहिणारा गट इथे सापडतो. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद असली तरी भिंतीवर कोरलेल्या नावांत साधे हिंदी शिपाई नाहीत. त्यांची नावे वहीत नोंदवलेली. यावर मुलांनी अर्धे पान लिहिले तर आम्ही त्याला पूर्ण गुण देऊ.

मॉडेल आणि तक्त्यांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण पालकांचा सगळ्यांत जास्त पैसा तिथे जातो. मॉडेल वाईट नसते, अंदाजपंचे केलेले मॉडेल वाईट. गिझाच्या खुफूच्या पिरॅमिडचे घ्या. मूळ पाया सुमारे २३० मीटर, उंची १४६.६ मीटर. एकास हजार या प्रमाणात पाया २३ सेंटिमीटर, उंची १४.७. मुले पुठ्ठ्यावर २३ पाया आणि १४.७ उंची असे चार त्रिकोण कापतात आणि जोडल्यावर पिरॅमिड चपटा, जेमतेम ९ सेंटिमीटरचा होतो. कारण त्रिकोणाची उंची म्हणजे पिरॅमिडची तिरकी बाजू. पायाचा निम्मा ११.५ आणि उभी उंची १४.७ यांवर पायथागोरस लावला की १८.७ सेंटिमीटर येते. त्रिकोण २३ पाया आणि १८.७ उंचीचा कापावा. पुठ्ठ्याला एकाच बाजूने फेव्हिकॉल आणि कागद लावला की तो रात्रीत वाकतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी कागद लावून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवावा. थर्माकोल तर घेऊच नये. बंदी राहू द्या बाजूला, स्प्रे पेंट मारला की तो विरघळतो आणि पिरॅमिडच्या जागी चाळण उरते.

बॅस्टिलच्या मॉडेलमध्ये हटकून गिलोटिन, म्हणजे शिरच्छेदाचे यंत्र, उभे केलेले असते. बॅस्टिल १४ जुलै १७८९ ला पडली तेव्हा आत सातच कैदी होते आणि गिलोटिन पहिल्यांदा वापरले गेले २५ एप्रिल १७९२ ला. दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर म्हणजे शिवाजी महाराजांच्या दरबारात बाजीराव बसवल्यासारखे. तीच गत चहात बुडवून कडा जाळलेल्या ‘जुन्या’ कागदाची. मानवी हक्कांचा जाहीरनामा छापलेला होता, चांगल्या पांढऱ्या कागदावर. कडा जाळताना बोटे भाजतात ती वेगळी.

नकाशा मात्र जीव लावून करण्यासारखा आहे. दुकानातला कोरा राजकीय नकाशा आजच्या सीमांचा असतो. त्यावर १९१४ चे युरोप रंगवायला बसले की पोलंड आणि चेकिया कोणत्या गटात, असा पेच पडतो. तेव्हा पोलंड नावाचे राज्यच नकाशावर नव्हते, त्याचे तुकडे रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीत होते. फिनलंड रशियात, आयर्लंड ब्रिटनमध्ये, सीरिया-इराक ऑटोमन साम्राज्यात, आणि ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातच. म्हणून राजकीय नकाशा घेऊच नये. नद्या आणि किनारे असलेला प्राकृतिक नकाशा घ्यावा, ऐतिहासिक अॅटलासवरून ट्रेसिंग पेपरवर १९१४ च्या सीमा उतरवाव्या आणि पेन्सिलीच्या कार्बनने गिरवाव्या. खाली वर्ष लिहावे. वर्ष नसलेल्या इतिहासाच्या नकाशाला आम्ही शून्य गुण देतो आणि त्याबद्दल पालकांशी वाद घालायची आमची तयारी असते.

कालरेषेचे एकच सांगतो. दोन कार्डशीट लांबीत कापून आठ पट्ट्या करा, दोन-दोन सेंटिमीटर एकमेकींवर चढवून चिकटवा, साडेपाच मीटरपर्यंतची पट्टी होते. एक सेंटिमीटरला दहा वर्षे धरली की पाच हजार वर्षे आरामात बसतात. बिलाच्या मशीनचा रोल स्वस्त म्हणून वापरतात, पण तो उष्णतेचा कागद असतो. मार्करच्या स्पिरिटने काळा पडतो. रेषेवर इ.स. शून्य घालू नये, तसे वर्षच नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. ऑगस्टसची सत्ता इ.स.पू. २७ ते इ.स. १४, म्हणजे ४० वर्षे, ४१ नव्हे. आणि दोन घटनांमधली मोकळी जागा भरायला चित्रे लावू नयेत. खुफूच्या पिरॅमिडपासून क्लिओपात्रापर्यंत अडीच मीटर आणि तिच्यापासून आपल्यापर्यंत दोन मीटर, हे त्या रिकाम्या जागेमुळेच दिसते.

आता गुणांचे. अकरावी-बारावीला इतिहासात अशा कामाला वीस गुण असतात, आणि ते बहुतेक ठिकाणी फाइलच्या जाडीवर पडतात. आमची विभागणी अशी: प्रश्न नीट मांडला का याला ३, साधने स्वतः मिळवली का याला ५, साधनांतून उत्तर काढले का याला ६, तोंडीला ४ आणि मांडणीला उरलेले २. स्पायरल, लॅमिनेशन, चमकी या दोनात. पानांची मर्यादा कमाल आठ, हाताने लिहिलेली, खर्च पन्नास रुपयांच्या आत. प्रत्येक आकड्याशेजारी समासात साधनाचे नाव आणि पान क्रमांक. तोंडीला एकच सूचना पुरते: ‘हा आकडा कुठून घेतलास ते पान काढून दाखव.’ चॅटबॉटकडून आलेली फाइल इथे अडते, कारण त्याने दिलेला पान क्रमांक उघडला की तिथे भलतेच काही असते. यंत्र वापरायला आमची ना नाही. जुन्या इंग्रजीचा अर्थ लावायला ते खरोखर कामाचे आहे. फक्त त्याला विचारलेले प्रश्न शेवटच्या पानावर लिहायला सांगावेत.

शिक्षकांना वेळ कुठे, हा आक्षेप रास्त आहे. साठ मुलांचा वर्ग, चारचे पंधरा गट, गटाला आठ मिनिटे: दोन तास, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या साधारण चार तासिका. साठ फायली चाळण्यात यापेक्षा कमी वेळ जात नाही. गट चारपेक्षा मोठा केला की पाचवा मुलगा फक्त नाव लिहितो. आणि सगळे सुट्टीवर टाकू नये. पहिली तासिका प्रश्न ठरवायला, दुसरी गॅझेटियरचे पान वाचायला, हे सुट्टीआधी वर्गात झालेच पाहिजे. साधन हातात न देता घरी पाठवलेले मूल सरळ दुकानात जाते.

संपादक महोदय, यात वृत्तपत्राकडून एक छोटे काम हवे आहे. आपल्या शालेय पुरवणीत महिन्यातून एकदा, १९१४ ते १९१९ या काळातल्या कोणत्याही जुन्या मराठी पत्राचे एक पान जसेच्या तसे छापावे. युद्धकर्जाची जाहिरात, धान्याचे भाव, तापाच्या साथीची बातमी, काहीही चालेल. पत्राचे नाव आणि तारीख मात्र हवी. खाली स्पष्टीकरण नको, ते मुले करतील. पान अर्ध्या पानात बसवायला बारीक करू नये. शाळेतल्या झेरॉक्सवर ए-फोर कागदावर उतरले तरी जाहिरातीतले बारीक अक्षर वाचता आले पाहिजे, तेव्हा मूळ पानाचे दोन तुकडे करून दोन महिन्यांत छापले तरी चालेल.

आपले,
इतिहासाचे दोन शिक्षक,
जि. सातारा